चँडलर : पाटाच्या पाण्यावर वसलेलें उपनगर

अमेरिकेंतील आरिझोना राज्याची राजधानी फीनिक्स. तिच्या आग्नेयीस वीस-बावीस मैलांवर चँडलर नांवाचें गांव आहे. गांव हा शब्द आम्हीं जुन्या संवयीनें वापरला, कारण सन १९२० मध्यें त्यास नगरपालिका मिळाली तेव्हां तें खरोखरच गांव होतें. सन २०२० च्या खानेसुमारींत त्याची लोकसंख्या २,७५,९८७ भरली. सरळ रुंद रस्ते, एकासारखीं एक बुटकीं घरें, घराघरांपुढें मोटारी, आणि दक्षिणेच्या बाजूस इंटेल कंपनीचे प्रचंड कारखाने असें त्याचें आजचें रूप आहे. या कारखान्यांच्या व त्यांच्यासारख्या इतर उद्योगांच्या निमित्तानें पुण्या-मुंबईकडील मराठी कुटुंबेंही तेथें जाऊन राहिलीं आहेत. आपण ज्या जमिनीवर घर घेतलें तेथें पूर्वीं काय पिकत होतें, हा प्रश्न उपनगरांत राहणाऱ्या माणसाच्या मनांत सहसा येत नाहीं. आपल्याकडे हडपसरच्या मळ्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींतही तो कोणी विचारीत नसेल. परंतु चँडलरच्या बाबतींत हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. त्या नगराच्या घराघरांतील नळास जें पाणी येतें, त्याचा हक्क पुष्कळ अंशीं त्या जुन्या शेतांपासूनच चालत आलेला आहे.

प्रथम त्या प्रदेशाची कल्पना घ्यावी. वर्षाकाठीं पाऊस सारा सात-आठ इंच. आपण ज्या सोलापूर जिल्ह्यास अवर्षणाचा मुलूख म्हणतों तेथेंही याच्या तिप्पट पाऊस पडतो. उन्हाळ्यांत पारा ११० अंशांवर जाणें ही तेथें बातमी होत नाहीं. असें असूनही ही भूमि ओसाड नव्हती. पहिल्या सहस्रकाच्या पूर्वार्धापासून पंधराव्या शतकापर्यंत होहोकम या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या लोकांनीं सॉल्ट व हीला या दोन नद्यांच्या खोऱ्यांत लांकडाच्या व दगडाच्या हत्यारांनीं शेंकडों मैल पाट खोदले, आणि मका, घेवडा व कापूस पिकविला. पुढें त्यांचीं गांवें उठलीं व पाट मातीनें भरले. सन १८६७ मध्यें जॅक स्विलिंग नांवाच्या गृहस्थानें गोऱ्या वसाहतवाल्यांची मंडळी जमवून नवीन कालवे काढण्याचें मनावर घेतलें, तेव्हां पुष्कळ ठिकाणीं हे जुनेच पाट उपसून काढणें सोयीचें पडलें. राखेंतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचें नांव त्या नव्या वसाहतीस पडलें तें यामुळेंच. वाळवंटांत ‘नवीं’ नगरें वसविणाऱ्यांचा इतिहास असा दुसऱ्यानें खणलेल्या पाटापासून सुरू होतो.

या खोऱ्यांत सन १८८७ सालीं अलेक्झांडर जॉन चँडलर हा तरुण पशुवैद्य आला. जन्मानें तो कॅनडाचा. आरिझोना प्रांताचा पहिला सरकारी पशुवैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली होती. गुरांच्या नाड्या पाहतां पाहतां त्यास पाण्याची नाडी उमगली. सन १८९१ मध्यें त्यानें मेसा गांवाच्या दक्षिणेस ८० एकर जमीन घेतली, डेट्रॉइट येथील भांडवलवाल्यांकडून पैसा उभा केला, कालव्यांची कंपनी काढली व वाफेच्या यंत्रानें कालवा खोदविला. सन १९०० च्या सुमारास त्याच्या ताब्यांतील जमीन १८,००० एकरांपर्यंत पोंचली होती. अशा पुरुषास भगीरथ म्हणून टाकण्याचा मोह चरित्रकारांस होतो. परंतु भगीरथानें गंगा आणली ती पूर्वजांच्या उद्धारासाठीं. डॉक्टरसाहेबांनीं कालवा आणला तो जमिनीची किंमत वाढावी म्हणून, आणि ही गोष्ट त्यांनीं कधीं लपवून ठेवली नाहीं.

त्या काळीं खोऱ्यांतील मुख्य भांडण असें होतें, कीं पाणी कोणाचें? कालवा ज्यानें खोदला त्याचें, कीं जी जमीन त्यावर भिजते तिचें? कालव्याच्या कंपन्या पाण्याचे हक्क एखाद्या मालाप्रमाणें सुटे विकीत असत. सन १८९२ मध्यें न्यायमूर्ति किबी यांनीं निर्णय दिला कीं, हक्क जमिनीस चिकटलेला आहे. कंपनी ही केवळ पाणी वाहून नेणारी. पुढें १९१० मध्यें न्यायमूर्ति केंट यांनीं कोणतें शेत कोणत्या सालीं प्रथम भिजलें याची छाननी करून त्या क्रमानें हक्क ठरवून दिले: जें आधीं भिजलें त्याचा हक्क आधीं. खानदेशांतील फडपद्धति ज्यांनीं पाहिली आहे त्यांस पाणी व जमीन यांची ही गांठ अपरिचित वाटणार नाहीं. मात्र फडांत पाण्याची वांटणी साऱ्या फडानें मिळून ठरवावयाची असते, येथें ती तारखेनें ठरली. कोर्टाच्या त्या निवाड्यावर तेथील पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

निवाड्यानें हक्क मिळाला तरी नदीस पाणी हवें. सॉल्ट नदी एका वर्षीं महापूर आणी, तर दुसऱ्या वर्षीं कोरडी पडे. सन १९०२ च्या कायद्यानें अमेरिकन सरकारनें अशा नद्यांवर धरणें बांधण्यास पैसा देण्याचें ठरविलें. खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं १९०३ सालीं आपली संस्था स्थापिली, सुमारें दोन लाख एकर जमीन कर्जास तारण लिहून दिली, आणि त्या कर्जांतून २८० फूट उंचीचें दगडी रूझवेल्ट धरण उभें राहिलें. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या हस्तें १८ मार्च १९११ रोजीं त्याचें उद्घाटन झालें. आपल्याकडील भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें तें १९२६ सालीं, त्याची उंची २७० फूट. यावरून दोन्ही कामांचा तोल वाचकांच्या ध्यानांत येईल. फरक हा कीं, येथें धरण सरकारनें बांधलें व शेतकरी पाणीपट्टी भरीत राहिला. तेथें शेतकऱ्यानें स्वतःची जमीन गहाण टाकली, आणि १९५५ पर्यंत कर्ज फेडून टाकिलें.

सरकारी पाण्यास एक अट होती. एका मालकास १६० एकरांपेक्षां अधिक जमिनीसाठीं तें मिळावयाचें नव्हतें. लहान शेतकऱ्यांचें कल्याण व्हावें हा कायद्याचा हेतु. परंतु या अटीनेंच एक नगर जन्मास घातलें, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. अठरा हजार एकरांच्या धन्यानें आपला मळा तुकडे करून विकावयास काढला आणि मध्यभागीं गांवठाण आंखलें. १७ मे १९१२ रोजीं विक्री सुरू झाली तेव्हां तेथें लांकडाच्या तीनच इमारती उभ्या होत्या: विक्रीची कचेरी, भोजनगृह व किराणा मालाचें दुकान. भोंवतीं लसूणघासाचीं शेतें, मेंढ्या आणि शहामृग. त्या काळीं मडमांच्या टोप्यांस शहामृगाचीं पिसें लागत, म्हणून लसूणघासावर शहामृग पोसणें हा किफायतीचा धंदा होता. खास आगगाड्यांनीं आलेल्या सुमारें तीनशें गिऱ्हाइकांनीं पहिल्याच दिवशीं ५०,००० डॉलरची जमीन घेतली. पुढल्या वर्षीं सॅन मार्कोस नांवाचें थाटाचें हॉटेल उघडलें. तेव्हां उपनगराची कल्पना पुढें शेतांस गिळून आली असें नव्हे. शेत व भूखंड हे एकाच माणसाच्या एकाच हिशेबवहीच्या दोन पानांवर पहिल्या दिवसापासून होते.

महायुद्ध आलें. पिसांच्या टोप्यांची रीत गेली, शहामृगांस कोणी विचारीना. पण मोटारीच्या टायरांस लांब धाग्याचा कापूस लागे आणि मिसरचा कापूस येणें कठीण झालें. गुडइयर कंपनीनें चँडलरच्या दक्षिणेस सुमारें ८,००० एकर जमीन हातीं घेऊन वाळवंटांतील झुडपें उपटून कापूस पेरला. त्या कापसाच्या जातीस पिमा असें नांव आहे. गोरे लोक शेजारच्या अकिमेल ओधम लोकांस पिमा म्हणत, आणि त्यांच्याच प्रदेशांतील सॅकटन येथील सरकारी प्रयोगक्षेत्रावर ती जात सिद्ध झाली. वेचणीसाठीं मेक्सिकोंतून हजारों मजूर आणिले गेले. सन १९२० मध्यें कापसाचा भाव कोसळला, तेव्हां कित्येकांस मजुरी मिळाली नाहीं आणि परत जाण्याचें भाडेंही मिळालें नाहीं. त्या वेचणीवाल्यांची वस्ती गांवांत राहून गेली. जुलै १९९७ मध्यें पोलीस व सीमारक्षक यांनीं मिळून चँडलरमध्यें धरपकड करून ४३२ जणांस परवान्यावांचून राहिल्याच्या आरोपावरून पकडलें. त्या मोहिमेंत, केवळ चेहरा व बोली पाहून, त्या देशाच्या नागरिकांनाही रस्त्यांत अडवून कागद मागितले गेले. ज्यांच्या हातांनीं पहिला कापूस वेचला त्यांच्या नातवंडांस आपण येथलेच आहोंत हें सिद्ध करण्याची पाळी यावी, हें त्या गांवास शोभलें नाहीं, आणि तसें पुढें राज्याच्या चौकशींतही दिसून आलें.

मंदीच्या वर्षांत डॉक्टर चँडलर बुडाले. फ्रँक लॉइड राइट यांस बोलावून वाळवंटांत दुसरें अपूर्व हॉटेल बांधण्याचा त्यांचा बेत १९२९ च्या शेअरबाजाराबरोबर लयास गेला, पहिलें हॉटेलही हातचें गेलें. त्याच हॉटेलाच्या आवारांतील एका लहान घरांत राहून ते १९५० सालीं वारले. त्या वर्षीं गांवाची वस्ती ३,७९९ होती. लढाईच्या काळांत, १९४१ मध्यें, जवळच वैमानिकांच्या शिक्षणाचा तळ पडला होता. मागाहून घरोघर हवा थंड करणारीं यंत्रें आलीं. यंत्रें आलीं नसतीं तर उन्हाळ्यांत तेथें कोण टिकतें? १९८० मध्यें २९,६७३ आणि २००० मध्यें १,७६,५८१ असे लोकसंख्येचे आंकडे चढत गेले. इंटेलचा प्रवेश १९८० चा. कंपनीचे मोठे कारखाने पुढें जुन्या कापसाच्या पट्ट्याकडे, दक्षिणेस उभे राहिले.

आतां पाण्याकडे वळूं. एक एकर लसूणघासास वर्षाला पांच-सहा फूट खोल पाणी लागतें. त्याच एकरावर चार-पांच घरें बांधलीं तर त्यांस सामान्यतः याहून कमी पाणी पुरतें. म्हणून शेत मोडून घरें उठलीं म्हणजे पाण्याची ओढ वाढते असा जो साधा समज आहे तो येथें लागू पडत नाहीं. उलट उत्तरेकडील ज्या जमिनींस धरणाचा हक्क आहे तेथें शेताचें पाणी घरांस मिळाल्यानें नगराची वाढ सुलभ झाली. पण या हिशेबांत एक उणीव आहे, आणि आमच्या मतें तीच खरी महत्त्वाची आहे. दुष्काळ पडला तर शेतकरी निम्मी जमीन पडीत टाकतो. एक हंगाम बुडतो, पुढच्या वर्षीं पुन्हा पेरतो. घर पडीत टाकतां येत नाहीं. शेत हें त्या खोऱ्याचें कोठार होतें; तें धान्यापेक्षां काटकसरीचें कोठार होतें. जसजशीं शेतें गेलीं तसतशी दुष्काळांत मागें सरण्याची जागाही गेली. सन १९८० च्या कायद्यानें नवीन वस्तीस शंभर वर्षांच्या पाण्याची शाश्वति दाखवावी लागते. कोलोरॅडो नदीचें पाणी ३३६ मैल लांबीच्या कालव्यानें आणण्याचें काम १९७३ मध्यें सुरू होऊन १९९३ मध्यें पुरें झालें. आणि त्या नदीवरही २०२१ मध्यें टंचाई जाहीर होऊन २०२२ पासून आरिझोनाच्या वांट्यास कात्री लागली. जून २०२३ मध्यें राज्यानें फीनिक्स परिसरांत केवळ भूजलाच्या भरंवशावर नवीन वस्त्यांस शाश्वतीचे दाखले देणें थांबविलें. चँडलरसारख्या जुन्या, नदीचा हक्क असलेल्या नगरांस त्याची झळ थेट बसली नाहीं. केंट यांच्या तारखा अजून कामास येत आहेत!

त्या तारखांच्याही आधींची एक तारीख मात्र फार काळ कोणीं लक्षांत घेतली नव्हती. चँडलरच्या दक्षिणेस हीला नदीच्या कांठीं ओधम लोकांचा राखीव प्रदेश आहे. सोन्याच्या शोधांत १८४९ मध्यें कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या वाटसरूंस, आणि मागाहून सैन्यास, यांनींच गहूं विकला होता. नंतर वरच्या अंगास वसाहतवाल्यांनीं नदी वळविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांचे पाट कोरडे पडले आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी उपाशी राहूं लागले. बाभळीसारखी मेस्कीटचीं झाडें तोडून सरपण विकणें हा त्यांचा धंदा झाला. ज्यांचा हक्क सर्वांत जुना, त्यांस पाणी मागण्यासाठीं शंभर वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. अखेर डिसेंबर २००४ मध्यें अमेरिकन कायद्यानें त्यांच्यासाठीं वर्षाकाठीं ६,५३,५०० एकर-फूट पाण्याची तजवीज केली, म्हणजे तितके एकर एक फूट खोल भरतील इतकें पाणी. त्यांतील मोठा भाग कोलोरॅडोच्या कालव्यांतून यावयाचा होता. याच तडजोडींत चँडलर व मेसा या नगरांशीं एक अदलाबदल ठरली: नगरांनीं आपलें शुद्ध केलेलें सांडपाणी ओधमांच्या शेतीस द्यावें, आणि पांच मापें दिल्यावर बदल्यांत त्यांच्याकडून नदीचें पाणी चार मापें घ्यावें. एके काळीं चँडलरचीं शेतें भिजत होतीं तेव्हां ओधमांचीं कोरडीं पडलीं होतीं. आतां चँडलरमध्यें शेतें फारशीं उरलीं नाहींत, आणि लसूणघास व पिमा कापूस रस्त्यापलीकडे ओधमांच्या जमिनींत उभा आहे.