थ्रॅश मेटलमधील गायकबदल

थ्रॅश मेटलमधील गायकबदल म्हणजे थ्रॅश मेटल या संगीतप्रकारातील एखाद्या बँडचा मुख्य गायक बदलणे, आणि त्या बदलाचा बँडच्या पुढील अल्बमांच्या चाली, गीते व ध्वनी यांवर होणारा परिणाम. ॲन्थ्रॅक्स, एक्झोडस, टेस्टामेंट आणि सेपल्टुरा ही याची प्रमुख उदाहरणे आहेत. या बँडांच्या अल्बमांची तुलना केल्यास एक गोष्ट आढळते: वाद्यरचना करणारे सदस्य कायम राहिल्यास गायक बदलला तरी संगीताचा सांगाडा टिकून राहतो, मात्र त्या सांगाड्यात सुरावटीला किती जागा मिळते आणि गीते कोणत्या विषयांकडे वळतात, हे बव्हंशी नव्या गायकावर ठरते.

पार्श्वभूमी

थ्रॅश मेटल हा हेवी मेटलचा वेगवान व आक्रमक उपप्रकार १९८० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत आकाराला आला. सॅन फ्रान्सिस्कोजवळचा बे एरिया आणि न्यू यॉर्क ही त्याची आरंभीची महत्त्वाची केंद्रे होत. या प्रकारात गाण्याची रचना सामान्यतः रिफपासून, म्हणजे गिटारवर पुनःपुन्हा वाजवल्या जाणाऱ्या छोट्या स्वरबंधापासून सुरू होते. ढोलवादन त्यानुसार बसवले जाते आणि शब्द व गायन बहुधा शेवटी येतात. मराठी संगीत नाटकातील पद जसे गायकनटाच्या नावाने ओळखले जाते, तसे येथे सहसा घडत नाही; रिफ हीच गाण्याची पहिली ओळख असते.

ज्या बँडांत मुख्य गायक स्वतःच गिटार वा बेस वाजवतो, तेथे त्याला बदलणे कठीण असते. ‘बिग फोर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चार बँडांपैकी मेटॅलिकामध्ये जेम्स हेटफील्ड, मेगाडेथमध्ये डेव्ह मस्टेन आणि स्लेअरमध्ये टॉम अराया हे सर्व स्टुडिओ अल्बमांचे मुख्य गायक राहिले आहेत. या चौघांपैकी केवळ ॲन्थ्रॅक्सने अल्बमागणिक गायकबदल अनुभवला.

ॲन्थ्रॅक्स

न्यू यॉर्कच्या ॲन्थ्रॅक्सचा पहिला अल्बम ‘फिस्टफुल ऑफ मेटल’ (१९८४) नील टर्बिन याने गायला. त्यातील उंच पट्टीतील किंचाळीसदृश गायन तत्कालीन हेवी मेटलच्या वळणाचे आहे. त्याच वर्षी टर्बिनला बँडमधून काढण्यात आले आणि जोई बेलाडोना याची निवड झाली. बेलाडोनाचा आवाज स्वच्छ व सुरेल होता. ‘स्प्रेडिंग द डिसीज’ (१९८५) आणि विशेषतः ‘अमंग द लिव्हिंग’ (१९८७) या अल्बमांत वेगवान रिफवर स्पष्ट सुरावट बसवण्याची पद्धत रूढ झाली. गीतलेखनाची मुख्य जबाबदारी गिटारवादक स्कॉट इयनकडे आल्यामुळे स्टीफन किंगची कादंबरी, ‘जज ड्रेड’ ही चित्रकथा आणि अमेरिकेतील मूलनिवासींची स्थिती असे विषय गाण्यांत आले.

१९९२ मध्ये बेलाडोनाला वगळून आर्मर्ड सेंट या बँडचा जॉन बुश याला घेण्यात आले. बुशचा आवाज खर्जाकडे झुकणारा व खरखरीत आहे. ‘साउंड ऑफ व्हाइट नॉइज’ (१९९३) या अल्बमात लय संथ झाली, रिफ अधिक जड झाले आणि गीतांतील विनोदी छटा ओसरली. हा अल्बम अमेरिकेतील बिलबोर्ड २०० यादीत सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. मात्र हा बदल केवळ गायकामुळे झाला असे म्हणता येत नाही. ‘पर्सिस्टन्स ऑफ टाइम’ (१९९०) या बेलाडोनाच्या काळातील अल्बमातच सूर गंभीर होऊ लागला होता, शिवाय १९९० च्या दशकात एकूणच मेटल संगीताची अभिरुची बदलत होती. बुशच्या आवाजाने या कलाला मोकळी वाट दिली.

‘वर्शिप म्युझिक’ (२०११) हा अल्बम अभ्यासाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. त्याचे ध्वनिमुद्रण प्रथम डॅन नेल्सन या गायकासह झाले होते. २००९ मध्ये नेल्सन बँडपासून वेगळा झाला. २०१० मध्ये बेलाडोना परतल्यावर काही भागांत फेरफार करून गायन नव्याने ध्वनिमुद्रित करण्यात आले. अल्बमचा बराचसा भाग एका गायकासाठी रचलेला असूनही प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या आवाजात प्रसिद्ध झाला.

एक्झोडस आणि टेस्टामेंट

बे एरियातील एक्झोडसचा पहिला अल्बम ‘बाँडेड बाय ब्लड’ (१९८५) पॉल बॅलॉफ याने गायला. बॅलॉफच्या गायनात सुरापेक्षा आवेश व आरोळी यांना महत्त्व होते. त्याच्या जागी स्टीव्ह सूझा आला. सूझाचा आवाज तीक्ष्ण व अनुनासिक असल्याने ‘प्लेझर्स ऑफ द फ्लेश’ (१९८७) व ‘फॅब्युलस डिझास्टर’ (१९८९) या अल्बमांत शब्द अधिक सुटे ऐकू येतात. बॅलॉफ १९९७ मध्ये काही काळ परतला. २००२ मध्ये त्याचे निधन झाले. २००५ पासून रॉब ड्यूक्स याच्या काळात गायन अधिक कर्कश झाले आणि गाण्यांची लांबी वाढली. २०१४ मध्ये सूझा परत आला, तर २०२५ मध्ये पुन्हा ड्यूक्सची निवड झाली. या सर्व काळात गिटारवादक गॅरी होल्ट हा प्रमुख रचनाकार राहिल्याने रिफची धाटणी ओळखू येण्याजोगी राहिली.

सूझा पूर्वी टेस्टामेंटचा गायक होता. त्या वेळी बँडचे नाव ‘लेगसी’ होते. तो गेल्यावर चक बिली आला. पहिला अल्बम ‘द लेगसी’ (१९८७) बिलीने गायला, तरी त्यातील अनेक गीतांच्या लेखनात सूझाचा वाटा होता. अशा संक्रमणकालीन अल्बमात जुन्या गायकाचे शब्द नव्या गायकाच्या मुखी येतात. याउलट ‘डेमॉनिक’ (१९९७) मध्ये बिलीने स्वतःच डेथ मेटलच्या पद्धतीचे घोगरे गायन स्वीकारले. गायक न बदलताही आवाज बदलू शकतो, याचे हे उदाहरण होय.

सेपल्टुरा

ब्राझीलच्या सेपल्टुराचा गायक माक्स कावालेरा हा गिटारवादक व प्रमुख गीतकारही होता. व्यवस्थापनाच्या वादातून १९९६ च्या अखेरीस तो बाहेर पडला. त्याच्यानंतर अमेरिकेतील क्लीव्हलंडचा डेरिक ग्रीन गायक झाला आणि ‘अगेन्स्ट’ (१९९८) प्रसिद्ध झाला. या बदलाने बँडचा एक गिटारही कमी झाला. आंद्रेआस किसर हा एकमेव गिटारवादक उरला आणि रचनेचा भार त्याच्याकडे गेला. ‘रूट्स’ (१९९६) या आधीच्या अल्बमाइतके व्यावसायिक यश पुढे मिळाले नाही. तरीही ग्रीनचा कार्यकाळ कावालेराच्या कार्यकाळापेक्षा बराच दीर्घ ठरला.

पुनर्ध्वनिमुद्रण आणि जुनी गाणी

नव्या गायकाला मैफलीत आधीच्या गायकाची गाणी म्हणावी लागतात. ही गाणी कोणाची, हा प्रश्न त्यातून श्रोत्यांमध्ये वादाचा होतो. काही बँडांनी जुनी गाणी नव्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित केली. ॲन्थ्रॅक्सच्या ‘द ग्रेटर ऑफ टू इव्हिल्स’ (२००४) मध्ये टर्बिन व बेलाडोना यांच्या काळातील गाणी बुशने गायली, तर एक्झोडसच्या ‘लेट देअर बी ब्लड’ (२००८) मध्ये ‘बाँडेड बाय ब्लड’ हा संपूर्ण अल्बम ड्यूक्सच्या आवाजात आला. रिफ तेच असल्याने गायनातील फरक अशा अल्बमांत ठळकपणे जाणवतो. मात्र दोन ध्वनिमुद्रणांमध्ये सुमारे दोन दशकांचे अंतर असल्याने तंत्र व वादन यांतील बदलही विचारात घ्यावा लागतो.

हेही पाहा

हेवी मेटल
थ्रॅश मेटल
मेटॅलिका
स्लेअर