कुळाची जर्सी: मॉन्ट्रियलचा हॉकी संघ आणि एक चित्रकार

आज एका कपड्याबद्दल बोलायचं आहे. लाल जर्सी, छातीवर निळा पट्टा, पट्ट्यावर 'सी' हे अक्षर आणि त्याच्या पोटात 'एच'. कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात १९०९ साली 'कॅनेडियन्स' हा व्यावसायिक हॉकी संघ निघाला, त्याची ही जर्सी. तिकडे हॉकी म्हणजे बर्फावरची, हे लक्षात असू द्या. या जर्सीच्या तीन रंगांवर एका चित्रकाराने तब्बल दहा वर्षं काढली. का काढली, ते समजायला मॉन्ट्रियलपेक्षा चरीहून निघालेलं बरं.

चरीचा संप अलिबागकरांना आम्ही काय सांगणार! १९३३ साली नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोताच्या जमिनी कसायचं थांबवलं आणि वर्षानुवर्षं शेतं ओसाड राहिली. तर क्वेबेक प्रांतातही फ्रेंच राजवटीपासून असाच एक जमीनदार होता, आणि त्याला सारा देऊन जमीन कसणारा शेतकरी. या शेतकऱ्याला म्हणत 'आबितां'. त्याचा जमिनीवरचा हक्क आपल्या कुळापेक्षा पक्का होता, तेव्हा तुलना फार ताणू नये. ती पद्धत १८५४ साली कायद्याने मोडली. पण तोवर राज्य इंग्रजांचं झालेलं, आणि पुढे कारखाने, बँका, मोठी दुकानं बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हातात. फ्रेंच बोलणारा माणूस स्वतःच्याच गावात दुय्यम.

आता त्या 'एच'कडे या. लोक म्हणतात, हा 'आबितां'चा एच, कारण फ्रेंचमध्ये तो शब्द एचने सुरू होतो, फक्त उच्चारात तो येत नाही. संघाचं लाडकं नावही त्यावरूनच 'हॅब्ज'. प्रत्यक्षात तो एच साधा 'हॉकी'चा. व्युत्पत्ती चुकीची, कबूल. पण आमच्या मते चुकीची व्युत्पत्तीही पुरावाच असते. लोकांना त्या अक्षरात कोण दिसावंसं वाटत होतं, ते त्यातून कळतं.

१९५५ चा मार्च. संघाचा लाडका खेळाडू मॉरिस रिशार. सामन्यात त्याने एका पंचावर हात टाकला, आणि लीगचा इंग्रजी बोलणारा अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल याने त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर बसवलं. १७ मार्चला मॉन्ट्रियलमध्ये दंगल पेटली. शिक्षा नियमाला धरून असेलही, लोकांना मात्र ती आपल्याला झाली असं वाटलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्याकडे फ्लोरा फाउंटनवर गोळीबार झाला. भाषेचा सल दोन्हीकडे होता. आपल्याकडे त्याला अमर शेखांचा, अण्णा भाऊंचा आवाज मिळाला. तिकडे तो, निदान काही काळ, एका जर्सीवर जाऊन बसला.

आणि मग येतो सेर्ज लमवान. जन्म १९४१, क्वेबेकमधल्या आक्तों व्हेल गावचा. १९६९ साली त्याने ठरवलं की यापुढे फक्त निळा, पांढरा आणि लाल हेच रंग वापरायचे. १९७९ पर्यंत ते पाळलं. एखाद्याने दहा वर्षं फक्त भगव्यात चित्रं काढावीत, तसला हट्ट! या मालिकेतलं १९७५ चं 'ड्रायडन' हे चित्र सर्वांत गाजलं. रुंदी तीन मीटरहून जास्त, आणि त्यात गोलरक्षकाचा फक्त मुखवटा. जवळ गेलात तर मोठमोठे रंगाचे तुकडे दिसतात, लांब सरलात तर माणूस. चेहरा नाहीच.

गंमत पुढे आहे. केन ड्रायडन फ्रेंच नव्हे. ओंटारियोतल्या हॅमिल्टनचा, इंग्रजी बोलणारा, कायद्याचा पदवीधर. पुढे तो केंद्रात मंत्री झाला. ज्या रंगांत फ्रेंच माणसाचा स्वाभिमान पाहिला जात होता, त्यांतलं सर्वांत प्रसिद्ध चित्र निघालं ते 'परक्या'चं. काहींना हा विरोधाभास वाटतो. आम्हाला यात त्या जर्सीची ताकद दिसते. अंगात घातली की घालणारा कोणाच्या पोटचा, हे प्रेक्षक विचारत नाही. जन्मावरून माणूस मोजणाऱ्या अस्मितांना हे सहसा जमत नाही, आपल्याकडच्यांनाही.

याची उलट बाजू रॉक कारियेच्या १९७९ च्या कथेत आहे. साल १९४६. आई इंग्रजी कॅटलॉगवाल्या दुकानाकडून रिशारची लाल जर्सी मागवते आणि येते टोरोंटो संघाची निळी. पोराला ती घालावीच लागते. अंगात तोच मुलगा, पण गावाच्या लेखी तो पलीकडचा. शेल्डन कोहेनने १९८० साली यावर सुंदर चित्रपट केला, हाताने काढलेल्या चित्रांचा. सापडला तर जरूर बघा, जेमतेम दहा मिनिटांचा आहे.

आपल्याकडे? खडकीचा धनराज पिल्ले २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीगमध्ये 'मराठा वॉरियर्स'कडून उतरला. तमिळ घरातला, पुण्यात वाढलेला मुलगा, आणि छातीवर मराठा! ड्रायडनच्या बरोबरीचं चित्र होतं हे. लीग २००८ साली बंद पडली. जर्सी लोकांच्या अंगावर मुरायलाही वर्षं लागतात, तेवढी तिला मिळालीच नाहीत.

आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेपासून सुरुवात करा.