मराठा डिचवरची शाळा

कोलकात्याच्या पोस्टिंगमध्ये रविवारी पायी हिंडायची सवय लागली. आचार्य प्रफुल्लचंद्र रोडवर कलकत्ता मूकबधिर विद्यालय आहे. हा जुना अप्पर सर्क्युलर रोड. आणि त्याच्याखाली काय, तर बुजवलेली ‘मराठा डिच’! १७४२ मध्ये आपल्या बारगिरांच्या धास्तीने कलकत्तेकरांनी खणायला घेतलेला खंदक. मराठे शहरावर आलेच नाहीत. अर्धवट राहिलेला खंदक १७९९ मध्ये बुजवून रस्ता केला.

शाळा १८९३ ची. तेव्हा इमारत कुठली? सिटी कॉलेजच्या जागेत मुलं बसत. संस्थापकांपैकी जामिनीनाथ बॅनर्जी लंडनला आणि मग अमेरिकेत गॅलॉडेट कॉलेजात शिकून १८९६ मध्ये परतले. लंडनचा भर ओठ वाचण्यावर, बोलायला शिकवण्यावर. स्वतःची वास्तू आणि वसतिगृह नंतरचं.

तोफखान्यात वीस वर्षं काढल्यावर माझा डावा कान मेडिकल बोर्डाच्या कागदावर चढलाय. मेसमध्ये गलका असला की मीही समोरच्याच्या ओठांकडेच बघतो, कुणाला सांगत नाही. त्या दिवशी फाटकाशी दोन मुलं हातवारे करत कडाकडा भांडत होती. मी बराच वेळ बघत उभा होतो. मला एक अक्षर कळलं नाही. त्यांना मात्र मी बघतोय हे लगेच कळलं, आणि दोघंही हसली.