मातीतले जंतू आणि परके मूत्रपिंड

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वैद्यकी हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ज्याला पोटासाठी माती-पाण्यात हात घालावे लागतात त्याच्या कातडीचा प्रश्न निघाला, की तो आमचाही प्रश्न होतो.

१८८८ साली नोकार या फ्रेंच पशुवैद्याने ग्वादलूप बेटावरील बैलांच्या एका रोगातून एक जंतू शोधला. पुढे त्याला नोकार्डिया हे नाव पडले. त्याचे घर मातीत; धडधाकट माणसाला तो सहसा बाधत नाही. १९०३ साली बर्लिनमध्ये फ्रीडमान यांना कासवांत क्षयजंतूच्या गोत्रातला दुसरा एक जंतू आढळला. माणसाच्या रोगांत अशांना फारसे मानाचे पान नव्हते.

ते मिळवून दिले एका मोठ्या विजयाने. डिसेंबर १९५४ मध्ये बॉस्टन येथे जोसेफ मरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवले. भाऊ तंतोतंत एकसारखे, म्हणून शरीराने ते स्वीकारले. परक्याचे मूत्रपिंड मात्र शरीर झिडकारी. त्यावर आधी अ‍ॅझाथायोप्रीनने आणि मग सायक्लोस्पोरिनने तोड काढली. अमेरिकेत १९८३ साली मान्यता मिळालेले हे सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीपासून लाभले.

पण पाहुण्यासाठी पहारेकऱ्याला झोपवले, की चोरालाही दार उघडे सापडते. मातीने औषध दिले. त्याच मातीतला नोकार्डिया साध्या ओरखड्यातून आत शिरू लागला.

१९७८ साली इस्रायलमध्ये वर्णिलेल्या एका जंतूची तऱ्हा तर और. त्याला रक्तातले लोहद्रव्य हवे आणि ३० ते ३२ अंशांचा गारवा. म्हणून तो शरीराच्या थंड भागांत, हातापायांच्या कातडीत रमतो. प्रयोगशाळेत नेहमीच्या अन्नावर, ३७ अंशांवर तो उगवतच नाही. अहवाल 'निर्दोष' येतो आणि गाठ वाढत राहते. तेव्हा रोग्याला परके इंद्रिय बसवले आहे, हे प्रयोगशाळेला आधी कळले पाहिजे.

आता माळी, गवंडी, कोळी यांचा विचार करा. गाठ फारशी दुखत नाही, रोज बुडवणे परवडत नाही, म्हणून तो थांबतो. उपचार तर महिनोन्महिने चालतात. हातमोजे, पायताण आणि वेळीच तपासणी यांनी बरेच साधेल. पण रोपण झालेल्या कामगाराला मजुरी न बुडता दवाखान्यात जाता आले पाहिजे. ही मागणी आम्ही वैद्यांपुढे नव्हे, समाजापुढे ठेवतो.