आखूड दांड्याची गोष्ट

मराठी ग्रामीण कथेत जीप येते ती बहुधा साहेबाला घेऊन. शिवेवर धुरळा उठतो, पोरे धावतात, पाटील टोपी सारखी करतो आणि सरकार नावाची गोष्ट चार चाकांवर गावात दाखल होते. धुरळा बसला की कथा साहेबाच्या मागोमाग चावडीत शिरते. बॉनेट उघडून त्यात डोके घातलेला ड्रायव्हर मात्र कथेबाहेरच राहतो. प्रस्तुत टिपणाचा विषय तो ड्रायव्हर आणि त्याच्याइतकाच तालुक्याच्या गावचा मिस्त्री. ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत त्यांनी जे केले, त्याला इतिहास म्हणावे असे मला वाटते.

हा सह्याद्रीच्या पायथ्याचा पट्टा. उत्तरेला कसाऱ्याचा थळ घाट, पूर्वेला माळशेज, अधेमधे आजोबा, सिद्धगड, गोरखगड यांचे कडे. नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून वाहता आहे, पण माणसांच्या पायांवर आणि जनावरांच्या पाठीवर. मुंबई-आग्रा रस्ता शहापुरातून जातो, कल्याण-नगर रस्ता मुरबाडमधून. या दोन मोठ्या रस्त्यांपासून आत वळले की ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या पाड्यांकडे जाणाऱ्या वाटा पावसाळ्यात ओढ्याच्या मालकीच्या होत. रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणूस डोलीत घालून आणल्याच्या बातम्या आजही वाचाव्या लागतात. डोली जिथे संपते तिथे गाडी उभी असणे आणि ती चालू होणे, एवढाच विश्वासार्हतेचा अर्थ इथे आहे.

जीप मूळची युद्धाची. १९४० साली अमेरिकी सैन्यासाठी तिचा पहिला नमुना झाला आणि महायुद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. आपल्याकडे १९४५ मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीच्या पाटीवर ‘महिंद्र अँड महिंद्र’ आले. विलीज जीपची जोडणी मुंबईत १९४७ मध्येच सुरू झाली होती. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९६८ साली बंद पडली, आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही बरीच वर्षे निघत राहिली. तज्ज्ञ याला मागासलेपण म्हणतील. मिस्त्रीच्या दृष्टीने ती कृपा होती, कारण मुलाच्या वयाच्या गाडीचे कितीतरी भाग बापाच्या वयाच्या गाडीला बसत. जे नवे मिळत नसे ते कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळे.

या गाड्यांना दोन जन्म असत. पहिला वनखात्याच्या, तहसीलच्या किंवा आरोग्य केंद्राच्या सेवेत, दुसरा लिलावानंतर. दुसऱ्या जन्मात जीप काळी-पिवळी होई, नऊ जणांच्या जागी सोळा जण घेई आणि गिअरशेजारच्या आखूड दांड्याला कोणी हात लावीनासे होई. हा दांडा पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद देतो. डिझेल वाचावे म्हणून पुढचा शाफ्टच उतरवून ठेवणारे मालक मी पाहिले आहेत. त्यांना हसण्यात अर्थ नाही. सोळा माणसांचे भाडे हीच त्यांची चढण होती.

पण ज्यांना ओढा ओलांडायचाच होता, त्यांनी दांडा जिवंत ठेवला. त्याचे शास्त्र पुस्तकात कमी आणि सवयीत जास्त. न वापरलेला दांडा गंजून अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा शेतवाटेवर किंवा मुरमाच्या रस्त्यावर तो घालून चार-पाच किलोमीटर जायचे. कोरड्या डांबरावर घालायचा नाही. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत, सुटायला वाव नसला की तो ताण दातऱ्यांवर येतो. ओढ्यातून आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडे चालायचे, म्हणजे ड्रम वाळतात. मग डिफरन्शिअलचे तेल पाहायचे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले, तेल बदलल्याशिवाय पुढची फेरी नाही. क्रॉसमध्ये ग्रीस मारताना जुने, मातकट ग्रीस बाहेर येईपर्यंत हात थांबवायचा नाही. पुढच्या आसाच्या टोकाला, चाक वळते तिथे नमद्याची पट्टी असते. ती झिजली की तेल गळते आणि चिखल आत जातो. गाडी जुनी होते ती अशा दोन-चार बोटभर जागांतून.

भाषेच्या अभ्यासकांनी इथे जरा थांबावे. बैलगाडीने मराठीला आख, तुंबा, आरे, धाव, वंगण असे भरघोस शब्द दिले. म्हसाच्या जत्रेच्या वाटेवर ते पिढ्यान् पिढ्या घासून गुळगुळीत झाले. जीपने दिलेले शब्द बहुतेक इंग्रजी: हब, सील, क्रॉस, ग्रीस. मात्र क्रियापदे मराठीच राहिली. पाटे बसतात, गाडी लोड घेते, इंजिन तेल खाते. नाम परके आणि क्रियापद घरचे, ही रचना कोशकारांनी अजून पुरेशी मोजलेली नाही. असो.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्राच्या नियमानुसार १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुन्हा होत नाही. ती नोंदणीकृत भंगार केंद्रात जातात. धूर आणि सुरक्षितता यांचा विचार करता नियम चुकीचा म्हणवत नाही. पण लिलावातून मिळणारा दुसरा जन्म त्याने संपवला. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाला. त्यावरून धावणाऱ्या गाड्यांना आखूड दांड्याची गरज नाही. पाड्याकडे वळणारी वाट मात्र अजून मुरमाचीच आहे. मुरबाडच्या अलीकडे एका गॅरेजात मिस्त्रीने एका जुन्या सीजेचा पुढचा शाफ्ट ग्रीस फासून, गोणपाटात गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवला आहे. कुणासाठी, असे विचारले तर म्हणाला, “गाडी गेली, पण येईल कोणीतरी मागायला.”