गृह ध्वनिमुद्रण कक्षातील ध्वनिनियंत्रण

गृह ध्वनिमुद्रण कक्षातील ध्वनिनियंत्रण म्हणजे घरातील लहान खोलीत ध्वनिमुद्रण करताना भिंती, छत व फरशी यांवरून होणारे ध्वनीचे परावर्तन योग्य साहित्य आणि मांडणी यांच्या साहाय्याने मर्यादित ठेवण्याची प्रक्रिया होय. व्यवहारात तिला 'अकूस्टिक ट्रीटमेंट' म्हणतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणे, म्हणजे ध्वनिरोधन किंवा 'साउंडप्रूफिंग', ही वेगळी प्रक्रिया असून तिचे साहित्यही वेगळे असते. मूळ आवाजात एकदा मिसळलेला खोलीचा निनाद नंतर संगणकावर पूर्णपणे वेगळा करता येत नाही. त्यामुळे मुद्रणापूर्वीच खोली तयार करणे आवश्यक ठरते. मौखिक परंपरेतील गीतांसारखे पुन्हा मिळण्याची शाश्वती नसलेले मुद्रण करताना याचे महत्त्व अधिक असते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या विषयाचा शास्त्रीय पाया अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांनी घातला. हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कला संग्रहालयातील व्याख्यान कक्षात वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून अस्पष्ट होत असत. १८९५ मध्ये सॅबाइन यांनी त्यावर संशोधन सुरू केले. ऑर्गनची नळी वाजवून ती थांबल्यावर ध्वनी किती वेळ ऐकू येतो, हे ते मोजत. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या कमी-अधिक संख्येने खोलीत ठेवून त्यांनी ही मोजमापे पुनःपुन्हा केली. गाद्या वाढल्या की निनाद कमी होतो, हे त्यांतून दिसून आले. पुढे त्यांच्या सिद्धान्ताचा उपयोग १९०० साली सुरू झालेल्या बोस्टन सिंफनी हॉलच्या रचनेत झाला.

सॅबाइन यांच्या सूत्रानुसार निनादकाल (सेकंदांत) = ०.१६१ × खोलीचे घनफळ (घनमीटर) ÷ एकूण ध्वनिशोषण (चौरस मीटर). ध्वनीची पातळी ६० डेसिबलने कमी होण्यास लागणारा वेळ म्हणजे निनादकाल. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि त्याचा शोषणांक यांचा गुणाकार केला असता त्याचे शोषण मिळते. उघड्या खिडकीतून ध्वनी परत येत नाही, म्हणून तिचा शोषणांक १ मानतात. रंगवलेल्या काँक्रीटचा शोषणांक ०.०१ ते ०.०२ इतका अल्प असतो.

लहान खोलीतील ध्वनी

२२ अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा हवेतील वेग सुमारे ३४४ मीटर प्रतिसेकंद असतो. स्वतंत्र प्रतिध्वनी ऐकू येण्यासाठी परावर्तक पृष्ठभाग किमान १७.२ मीटर दूर असावा लागतो. लहान खोलीत असा प्रतिध्वनी ऐकू येत नाही. परावर्तने मूळ आवाजात मिसळून तो पोकळ किंवा धातूसारखा भासतो. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये टाळी वाजवल्यास तिच्यामागे थरथरता झंकार ऐकू येतो.

उदाहरणार्थ, ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद व २.९ मीटर उंच खोलीचे घनफळ सुमारे ३१.३ घनमीटर आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ सुमारे ६० चौरस मीटर असते. सरासरी शोषणांक ०.०५ धरल्यास निनादकाल सुमारे १.७ सेकंद येतो. तो ०.४ सेकंदांवर आणण्यासाठी एकूण शोषण ३ वरून सुमारे १२.६ चौरस मीटरपर्यंत वाढवावे लागते. म्हणजेच एकूण पृष्ठभागाच्या एक षष्ठांशापेक्षा थोड्या अधिक भागावर चांगला ध्वनिशोषक बसवावा लागतो. संपूर्ण खोली मढवण्याची गरज नसते.

हे सूत्र मंद्र, म्हणजे कमी वारंवारितेच्या ध्वनीला लहान खोलीत नीट लागू पडत नाही. तेथे भिंतींमधील अंतरानुसार ठरावीक वारंवारितांचे स्थिर तरंग तयार होतात. वरील खोलीत ते प्रामुख्याने ४८, ५७ व ५९ हर्ट्झला आणि त्यांच्या पटींत आढळतात. दुपटीची ९६, ११५ व ११९ हर्ट्झ ही मूल्ये पुरुषाच्या बोलण्याच्या मूळ स्वराच्या पट्ट्यात येतात. त्यामुळे काही स्वर घुमतात, तर काही दबतात. लांबी, रुंदी व उंची समान असल्यास तिन्ही दिशांचे तरंग एकाच वारंवारितेवर येतात, म्हणून घनाकृती खोली सर्वांत गैरसोयीची असते.

ध्वनिशोषक साहित्य

सच्छिद्र साहित्यात हवेच्या कणांच्या हालचालीला घर्षण होते व ध्वनिऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. भिंतीलगत ही हालचाल अत्यल्प, तर भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सर्वाधिक असते. १००० हर्ट्झसाठी हे अंतर ८.६ सेंटिमीटर, तर १०० हर्ट्झसाठी ८६ सेंटिमीटर आहे. पातळ फोम किंवा पडदा केवळ तीव्र स्वर शोषतो आणि खोली कोंदट, पण घुमणारी राहते, त्याचे कारण हेच.

* काचलोकर (ग्लासवूल) व खनिजलोकर (रॉकवूल): ५ ते १० सेंटिमीटर जाडीचे थर लाकडी चौकटीत बसवून कापडाने झाकतात. चौकट व भिंत यांत पोकळी ठेवल्यास परिणाम अधिक खोल स्वरांपर्यंत पोहोचतो.
* कापसाच्या गाद्या, गोधड्या व घोंगड्या: मध्यम व तीव्र स्वरांसाठी घरगुती पर्याय. जाड गादी एकेरी चादरीपेक्षा अधिक उपयुक्त असते.
* पुस्तकांचे कपाट: पुस्तके मागेपुढे ठेवल्यास परावर्तन काही प्रमाणात विखुरते.
* अंड्यांचे ट्रे: लोकप्रिय असले तरी हलके व पातळ असल्यामुळे त्यांचे शोषण अल्प असते. ध्वनिरोधनासाठी तर ते निरुपयोगी ठरतात.

मांडणी

साहित्य मर्यादित असल्यास ते सर्वत्र पातळ पसरण्यापेक्षा मोक्याच्या जागी जाड लावणे श्रेयस्कर असते. स्थिर तरंगांचा दाब कोपऱ्यांत सर्वाधिक असल्याने मंद्र ध्वनिशोषक कोपऱ्यांत तिरके बसवतात. श्रवणस्थानी बसून दुसऱ्या व्यक्तीस भिंतीवर आरसा सरकवण्यास सांगितल्यावर ज्या जागी स्पीकर दिसतो, ती पहिल्या परावर्तनाची जागा होय. शोषक तेथे लावतात. एकदिश मायक्रोफोन मागून येणारा आवाज कमी टिपतो. त्याच्या समोरून, म्हणजे गायकाच्या पाठीमागून, येणारे परावर्तन मात्र तो टिपतो. म्हणून गाद्या गायकाच्या पाठीमागे टांगतात.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तुळजापूर हे तुळजाभवानीचे क्षेत्र असून गोंधळ व आराधी गीतांची परंपरा या भागात जिवंत आहे. गोंधळ पारंपरिकरीत्या अंगणात किंवा मंडपात सादर होतो. तेथे बंद खोलीचा निनाद नसतो. हेच सादरीकरण स्लॅबच्या खोलीत मुद्रित केल्यास काठ्यांनी वाजवल्या जाणाऱ्या संबळाचा प्रत्येक ठोका भिंतींमध्ये थरथरतो आणि गीताचे शब्द व तुणतुण्याची तार त्यात झाकली जाते. अशा वेळी वादकास खोलीच्या मध्यापासून थोडे बाजूला बसवणे, खाली जाड सतरंजी अंथरणे व वादकाच्या मागे गाद्या उभ्या करणे उपयुक्त ठरते. रहदारी व वारा नसलेल्या वेळी अंगणातच मुद्रण करणे हाही समर्थ पर्याय आहे.

घराच्या बांधणीनुसार अडचणी बदलतात. दगड-मातीच्या जाड भिंती व मातीचे माळवद असलेल्या जुन्या घरांत बाहेरचा आवाज कमी येतो. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर व या जिल्ह्यातील अशा असंख्य घरांची पडझड झाली, त्यामुळे भिंतींची जाडी सुरक्षिततेची हमी मानता येत नाही. वीट-सिमेंटच्या स्लॅबच्या घरात बाहेरचा आवाज बऱ्यापैकी अडतो. मात्र टणक पृष्ठभागांमुळे निनाद वाढतो. पत्र्याच्या घरातून मंद्र ध्वनी बाहेर निघून जातो, पण पावसाचा व रस्त्याचा आवाज सहज आत येतो.

ध्वनिरोधन

ध्वनिरोधन मुख्यतः वस्तुमान आणि हवाबंदपणा यांवर अवलंबून असते. भिंतीचे वस्तुमान दुप्पट केल्यास रोधन जास्तीत जास्त सुमारे ६ डेसिबलने वाढते. दाराखालची फट बुजवल्याशिवाय भिंतीवरील खर्चाचा पुरेसा लाभ मिळत नाही.

सुरक्षितता

साधा पॉलियुरेथेन फोम वेगाने पेटतो व विषारी धूर सोडतो. कापूसही ज्वलनशील आहे. त्यामुळे विजेची जोडणी, दिवे व तापणारी उपकरणे यांपासून हे साहित्य दूर ठेवावे लागते आणि बाहेर पडण्याचा मार्ग मोकळा असावा लागतो. काचलोकर हाताळताना हातमोजे व मुखपट्टी वापरतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपलीकडे जात असल्याने पूर्ण बंद खोलीत दीर्घ मुद्रण त्रासदायक ठरते. पंख्याचा आवाज टाळण्यासाठी मुद्रण पहाटे किंवा लहान भागांत करून मध्ये खोलीत हवा खेळू देतात.

हेही पाहा

* ध्वनी
* निनाद
* मायक्रोफोन
* गोंधळ (लोककला)
* धाराशिव जिल्हा