काचेतली भाऊबंदकी

मासे पाळणे हा शांत स्वभावाच्या माणसांचा छंद आहे, असा आपल्याकडे एक समज आहे. संध्याकाळी कामावरून यावे, हातपाय धुवावेत, खुर्ची ओढून काचेच्या टाकीसमोर बसावे आणि रंगीत मासोळ्यांच्या संथ येरझारा पाहता पाहता दिवसाचा शीण विसरावा. गोल्डफिशच्या बाबतीत हे खरेही असेल. परंतु ज्याच्या घरी सिक्लिड कुळातले मासे आहेत, त्याच्यापुढे हा शांतिपाठ म्हणू नये.

गंगाखेडला माझ्या ओसरीवर अशी एक टाकी आहे. लांबी चार फूट, रुंदी आणि उंची दीड-दीड फूट. म्हणजे सुमारे अडीचशे लिटर पाणी. तीत मध्य अमेरिकेतल्या एका सिक्लिडाची जोडी नांदते. अंगावर कैद्याच्या कपड्यांसारखे काळे पट्टे, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘कन्व्हिक्ट’ म्हणजे कैदीच नाव देऊन टाकले. लांबीला बोटभर. पण टाकीच्या डाव्या कोपऱ्यात आडवी ठेवलेली मातीची कुंडी ही आपली वडिलोपार्जित इस्टेट आहे, अशी त्या जोडीची खात्री आहे. दुसरा मासा त्या बाजूला फिरकला की कल्ले फुगतात, पंख ताठ होतात आणि पाहुण्याला काचेवर आदळेपर्यंत हाकलले जाते. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून तीन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणारी माणसे आपण पाहिलेली आहेत. सिक्लिडांना कोर्ट नाही, एवढाच फरक.

माशांचा शौक आमच्या मुलुखाला नवा नाही. कल्याणीच्या ज्या चालुक्यांची सत्ता मराठवाड्यावरही होती, त्यांच्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने (११२६–११३८) ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने राज्य कसे करावे येथपासून स्वयंपाक, संगीत, हत्ती, खेळ असे सारे विषय त्यात आहेत, आणि ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणही आहे. माशांच्या जाती कोणत्या, कोणाला कोणते खाद्य घालावे, दोर कसा वळावा, गळ कसा टाकावा, याचा तपशील राजाने मोठ्या हौसेने दिला आहे. भारतातले नामवंत मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाचे विवेचन प्रसिद्ध करून विद्वानांचे लक्ष त्याकडे वेधले. मात्र राजाला मासा दिसायचा तो गळाला लागून वर आल्यावर. पाण्याखाली त्याचा संसार कसा चालतो, हे पाहायला काच यावी लागली.

ती काच १८५० साली लंडनमध्ये आली. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवून दाखवले की हे सारे एकमेकांच्या आधारावर जगू शकतात. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि पुढल्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घराघरांत नेला. आपल्याकडे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मुंबई पाहायला गेलेल्या कित्येक मराठी कुटुंबांनी जिवंत मासा काचेआड प्रथम तेथेच पाहिला.

याच सुमारास ऑस्ट्रियातले कोनराड लोरेन्झ हे शास्त्रज्ञ आपल्या घरच्या टाक्यांतल्या सिक्लिडांकडे टक लावून बसले होते. त्यांनी सांगितलेली एक हकिकत मला फार आवडते. आफ्रिकेतल्या ‘ज्वेल’ माशाचे आईबाप संध्याकाळी भटक्या पिल्लांना तोंडात उचलून घरट्यात आणून सोडतात. एकदा बापाच्या तोंडात गांडुळाचा घास होता, आणि तेवढ्यात समोर चुकलेले पिल्लू आले. त्याने तेही तोंडात घेतले. आता एक गिळायचे, दुसरे जपायचे! क्षणभर तो निश्चल राहिला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकले, गांडूळ खाऊन घेतले आणि पिल्लू उचलून आईपाशी नेऊन सोडले. पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

याच माशांवरून लोरेन्झ यांनी आणखी एक गोष्ट टिपली. टाकीत शेजारी असेल तोवर नर आपला राग शेजाऱ्यावर काढतो. शेजारी काढून घेतला, की तोच राग बायकोवर उलटतो, आणि कधी कधी तिचा जीवही जातो. म्हणून जाणते लोक अशा जोडीपलीकडे काच घालून एक शेजारी ठेवतात. भांडणही चालते आणि संसारही टिकतो. लोरेन्झ यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माशांवरून त्यांनी माणसांच्या युद्धांविषयी जे अनुमान काढले, त्यावर मात्र पुष्कळ विद्वानांनी आक्षेप घेतला. माझ्या मते माशांची गोष्ट माशांपुरती ठेवलेली बरी.

ती गोष्ट अशी, की हे मासे दुष्ट नाहीत. इतर बहुतेक मासे अंडी घालतात आणि पुढे चालू लागतात. सिक्लिड तसे करीत नाही. माझी जोडी कुंडीची आतली बाजू तोंडाने घासून पुसून स्वच्छ करते. मादी तीवर अंडी घालते आणि पंखांनी वारा घालीत बसते. नर दारावर पहारा देतो. तीनेक दिवसांत अंडी फुटतात, आणखी काही दिवसांनी पिल्ले पोहू लागतात. मग आईबाप त्यांचा घोळका मध्ये घेऊन फिरतात. या पोरांसाठी जमीन हवी, आणि जमिनीसाठी भांडण. नदीत हरणारा पळून जातो आणि प्रकरण मिटते. चार फुटांच्या टाकीत पळायला जागाच नसते, म्हणून तेथे मुडदा पडतो. दोष स्वभावाचा नाही, खोलीचा आहे.

म्हणून पाळणाऱ्याने घर बांधताना भावांची वाटणी डोळ्यांपुढे ठेवावी. दगड असे रचावेत की एका कोपऱ्यातून दुसरा दिसू नये. नवा मासा सोडायचा झाला तर आधी सारे दगड हलवावेत, म्हणजे जुन्याची मालकी मोडते आणि दोघेही सारखेच परके होतात. मोठ्या होणाऱ्या जातीला मुळातच मोठी टाकी घ्यावी. अ‍ॅमेझॉनचा ऑस्कर दुकानात दोन बोटांएवढा दिसतो, आणि वर्षभरात वीतभराहून मोठा होतो. १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून काढलेला फ्लॉवरहॉर्न कपाळावरच्या टेंगळामुळे भाग्यवान समजला जातो. पण त्याच्या टाकीत बहुधा त्याच्याशिवाय कोणी उरत नाही.

जागा पुरेनाशी झाली की घरात कोणीतरी म्हणतेच, “बिचाऱ्याला गंगेत सोडून या.” आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गावाचे नावही तिच्यावरून आणि ख्यातीही तिच्या काठची. संत जनाबाईचे हे जन्मगाव. घाटावर उभे राहून माशांना कणकेच्या गोळ्या घालणारी माणसे येथे पिढ्यान् पिढ्या आहेत. कैदेतला जीव मोकळा करावा ही भावनाही त्याच जातीची, मायेची. पण ही माया नदीला महागात पडते, आणि त्याची साक्ष आपल्याच इतिहासात आहे.

सिक्लिडांच्या सतराशेहून अधिक जातींपैकी भारताच्या स्वतःच्या फक्त तीन. त्यातली थोरली म्हणजे गोव्याची काळुंदर. केरळात हिलाच करिमीन म्हणतात, आणि २०१० मध्ये केरळाने तिला राज्यमत्स्याचा मान दिला. या तिन्ही जाती समुद्रकाठच्या खाड्यांच्या आणि तिकडल्या नद्यांच्या. आमच्या बाजूच्या गोदावरीत हे कूळ मूळचे नाही.

मग १९५२ साली आफ्रिकेतला तिलापिया हा सिक्लिड भारतात आणला गेला. हेतू चांगला होता: देश अन्नटंचाईत होता, आणि हा मासा कोणत्याही पाण्यात, कसल्याही खाद्यावर वाढतो. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळे बहुतेक पिल्ले वाचतात. दोन-तीन महिन्यांत तीच पिल्ले वीण घालू लागतात. तळी लहान लहान तिलापियांनी भरून गेली, आणि देशी माशांच्या पोटावर गदा आली. १९५९ मध्ये त्याच्या प्रसाराला मनाई झाली. पण पाण्यात सुटलेला मासा फर्मान वाचत नाही. पुढे शासनाने त्याच्याच भाऊबंदाच्या, नाईल तिलापियाच्या, शेतीला अटी घालून परवानगी दिली. आज मराठी बाजारात ‘चिलापी’ नावाने जी मिळते ती हीच मंडळी. उजनीच्या जलाशयावर कित्येक मासेमार कुटुंबांची चूल चिलापीवर पेटते, हे खरे. आणि पूर्वीचे देशी मासे तेथे उणावले, हेही तितकेच खरे. गोदावरीच्या खोऱ्यातही तिने बिऱ्हाड थाटले आहे.

जो मासा ओसरीवर कुंडीसाठी जीव द्यायला उठतो, तो नदीत गेल्यावर वैराग्य धरील असे समजू नये. तेथेही तो जमीन धरील, पोरे वाढवील, आणि ज्यांना पोरे सांभाळण्याची विद्या नाही अशा आमच्या देशी माशांची अंडी खाईल. तेव्हा नकोशा झालेल्या माशाला गंगा दाखवू नये. दुकानदाराला परत द्यावा, मोठी टाकी असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा, नाहीतर आपल्याच घरी त्याच्यासाठी वेगळी टाकी मांडावी. आणि हे मासे विकत घेण्यापूर्वी दुकानात उभे राहूनच एक प्रश्न स्वतःला विचारावा: हा आठ-दहा वर्षे जगला, तर माझ्या घरी त्याला जागा आहे काय?

या दिवाळीत मुले टाकीसाठी हट्ट धरतील, तर अवश्य घेऊन द्या. आईबापांचा पहारा आणि पिल्लांची शाळा एकदा पाहिली, की ती टाकीसमोरून हलणार नाहीत. फक्त भांडखोर पाहुणा घरात आणतो आहोत, हे आणतानाच ठाऊक असू द्या. त्याचे भांडण घरातच राहील याची जबाबदारी आपली. गंगेतल्या माशांनी त्याला आमंत्रण दिलेले नाही.